डोंगरी शोध व बचाव : स्वयंसेवी पथकांचे प्रशिक्षण आणि पूर्वतयारी

प्रस्तावना

दि. २८ जुलै २०१८ रोजी दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांना महाबळेश्वरकडे घेऊन जाणारी बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली. बसमधील एकच जण वाचला. तो दरीतून चढून रस्त्यावर आला आणि त्याच्याकडूनच अपघाताची वार्ता बाहेर गेली. उर्वरित सर्वांचे मृतदेह वर आणण्याच्या कामी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांबरोबर परिसरातील गिर्यारोहक दोर घेऊन दरीत उतरले होते. दि. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इरशाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत मोटाररस्ता नसल्याने अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत. फावडी, कुदळी आणि पहारी यांवरच काम भागवावे लागले. मदतीसाठी निघालेल्या अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा त्या चढणीवर हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला.

या दोन्ही प्रसंगांत एक गोष्ट समान होती. आपद्ग्रस्त कोठे आहेत, हे बचावकर्त्यांना ठाऊक होते. सह्याद्रीत वाट चुकलेल्या भटक्याच्या बाबतीत नेमके हेच ठाऊक नसते. असे असूनही स्वयंसेवी पथकांच्या प्रशिक्षणाचा बहुतांश वेळ दोरकामावर खर्च होतो आणि शोधकार्य उत्साहावर व अनुभवी व्यक्तींच्या अंदाजावर सोपवले जाते. ‘शोध’ आणि ‘बचाव’ ही दोन भिन्न कौशल्ये असून पहिल्याचे स्वतंत्र, पद्धतशीर शिक्षण झाल्याशिवाय दुसऱ्याचा उपयोग मर्यादित राहतो, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

स्वयंसेवी बचावाची पार्श्वभूमी

डोंगरी बचावाचे संघटित कार्य जगात अनेक ठिकाणी शासनाने नव्हे, तर गिर्यारोहकांनी सुरू केले. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये १९२८ साली स्कॅफेल पर्वतावरील मॉस घिल या चढाईमार्गावर एक गिर्यारोहक जखमी झाला. त्याला खाली आणताना वेदनाशामकाची सोय नव्हती आणि वाहून नेण्यास योग्य असे स्ट्रेचरही नव्हते. पुढे त्याचा पाय कापावा लागला. त्याच्यावर उपचार करणारे मँचेस्टरचे शल्यचिकित्सक विल्सन हे यांची खात्री झाली की, मूळ दुखापतीपेक्षा त्या प्रवासानेच अधिक हानी केली होती. यातून गिर्यारोहण संस्थांची स्ट्रेचर समिती स्थापन झाली. डॉ. हे यांनी डोंगरातील बचाव-ठाण्यांवर मॉर्फिन ठेवण्यास सुरुवात केली. ते कायद्याला धरून नव्हते आणि त्याबद्दल १९४९ मध्ये त्यांना दंडही झाला. तथापि त्यानंतर लवकरच शासनाने या व्यवस्थेला मान्यता दिली. अमेरिकेत माउंटन रेस्क्यू असोसिएशनची स्थापना १९५९ साली ओरेगॉन राज्यातील माउंट हूड येथे झाली. ब्रिटनमध्ये पोलिसांकडे आणि अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत काउंटीच्या शेरीफकडे शोधकार्याची जबाबदारी असते. प्रत्यक्ष डोंगरात मात्र बहुधा विनावेतन स्वयंसेवक जातात.

महाराष्ट्रातील चित्र याहून फारसे वेगळे नाही. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स अशा संस्थांचे कार्यकर्ते आपापले व्यवसाय सांभाळून मदतीस धावतात. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर ही समन्वय व्यवस्था मदतीची हाक जवळच्या पथकापर्यंत पोहोचवते. येथे एका जुन्या परंपरेचा उल्लेख करणे उचित ठरेल. घाटमाथ्यावरील व कोकणातील वाड्यांतून आजारी माणसाला बांबूला बांधलेल्या झोळीतून किंवा डोलीतून खाली आणण्याचे काम तेथील रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. बचावाच्या नियमपुस्तिकांमध्ये त्याला स्थान मिळालेले नाही, एवढेच.

शोधकार्याचे शास्त्र

शोधकार्याचा गणिती पाया दुसऱ्या महायुद्धात घातला गेला. शत्रूच्या पाणबुड्या विस्तीर्ण समुद्रात कशा हुडकाव्यात, या प्रश्नावर अमेरिकन नौदलासाठी बर्नार्ड कूपमन आणि त्यांचे सहकारी काम करीत होते. त्यातून निर्माण झालेला सिद्धान्त पुढे जमिनीवरील शोधालाही लागू करण्यात आला. त्यात तीन संकल्पना महत्त्वाच्या आहेत. हरवलेली व्यक्ती विशिष्ट भागात असण्याची शक्यता म्हणजे क्षेत्रसंभाव्यता; ती त्या भागात असल्यास शोधपथकाला आढळण्याची शक्यता म्हणजे आढळसंभाव्यता; आणि या दोहोंचा गुणाकार म्हणजे यशसंभाव्यता.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. किल्ल्यावरून परतताना एक तरुण दिसेनासा झाला आहे. उपलब्ध माहितीवरून शोधप्रमुखाने तीन भाग ठरवले : पश्चिमेची नाळ ५० टक्के, उत्तरेची सोंड ३० टक्के आणि पदरातील रान २० टक्के. सर्वांना नाळेत उतरावेसे वाटणार, हे उघड आहे. पथक नाळेत उतरते, आढळसंभाव्यता ६० टक्के राहील इतका कसून शोध घेते आणि हाती काही लागत नाही. आता नाळेची संभाव्यता ५० टक्क्यांचे ४० टक्के, म्हणजे २० उरली. उरलेल्या सर्व संभाव्यतांची बेरीज २०, ३० व २० मिळून ७० झाली. शंभराच्या प्रमाणात पाहता नाळ सुमारे २९, सोंड ४३ आणि रान २९ टक्के असे नवे चित्र तयार होते. म्हणजेच न सापडणे हीदेखील माहिती आहे आणि त्या माहितीने पुढचे प्राधान्य बदलले. संख्याशास्त्राच्या अध्यापकांनी यामागील बेझचा सिद्धान्त एव्हाना ओळखला असेलच. पहिल्या दिवशी पिंजून काढलेली नाळच दुसऱ्या व तिसऱ्या दिवशीही पुन्हा पिंजून काढावीशी वाटते. हा मोह टाळण्यासाठी कागदावर मांडलेले हे गणित हवे, कारण दमलेल्या व चिंतातुर माणसांच्या मनात ते आपोआप होत नाही.

आढळसंभाव्यतेबाबतही एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. मनुष्यबळ दुप्पट केल्याने सापडण्याची शक्यता दुप्पट होत नाही. कूपमन यांच्या सूत्रानुसार शोधाची व्याप्ती एक असेल, तर आढळसंभाव्यता सुमारे ६३ टक्के असते. व्याप्ती दोन केल्यास ती ८६ टक्क्यांपर्यंतच जाते. त्यामुळे वाढीव माणसे बहुधा त्याच जागी पुन्हा फिरवण्याऐवजी नव्या भागात पाठवणे हिताचे ठरते. पन्नास हौशी तरुण एकाच नाळेत उतरले, तर फायदा थोडा आणि पाऊलखुणा पुसल्या जाण्याचे नुकसान मोठे. शुद्धीवर असलेल्या व्यक्तीसाठी ध्वनिशोध ही अतिशय परिणामकारक पद्धत आहे. विखुरलेल्या सर्व शोधकांनी वायरलेसवरील सूचनेसरशी एकाच क्षणी शिट्टी वाजवायची आणि नंतर पूर्ण मिनिटभर स्तब्ध राहून कान द्यायचा. ही स्तब्धता पाळणे शिट्टी वाजवण्यापेक्षा अवघड असते.

क्षेत्रसंभाव्यता कशावरून ठरवायची, हा पुढचा प्रश्न. रॉबर्ट केस्टर यांनी जगभरातील शोधमोहिमांच्या नोंदी एकत्र करून २००८ साली हरवलेल्या व्यक्तींच्या वर्तनावर ग्रंथ प्रसिद्ध केला. वय, मनःस्थिती आणि भटकण्याचा हेतू यांनुसार माणसांचे वर्तन बदलते, हे त्यातून दिसते. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती झुडपात वा ओहोळात अडकेपर्यंत चालत राहते. लहान मूल हाकेला ओ देईलच असे नाही. ते एखाद्या आडोशाला शिरून झोपी गेलेले असू शकते. जीवनाला विटलेली व्यक्ती वस्तीपासून फार दूर न जाता एखाद्या रम्य किंवा उंच जागी आढळण्याचा संभव असतो. मात्र त्यातील अंतरांचे आकडे सह्याद्रीस जसेच्या तसे लावणे धोक्याचे आहे. येथील भूरचनेचा स्वभावच निराळा आहे. वाट चुकलेला माणूस ‘पाणी गावाकडे जाते’ या समजुतीने ओढ्याच्या कडेने उतरू लागतो. पश्चिमेकडील ओढा मात्र थोड्याच वेळात एखाद्या कातळटप्प्यावर येऊन कोसळतो. माणूस एक टप्पा कसाबसा घसरत उतरतो, पुढचा उतरता येत नाही आणि मागचा चढता येत नाही. दोन टप्प्यांमध्ये अडकलेला हा मनुष्य वरूनही दिसत नाही आणि खालूनही दिसत नाही. ढोरवाटांचे जाळे, कारवीच्या रानात पाच पावलांवरचे न दिसणे, पावसाळ्यातील धुके यांचाही विचार प्रत्येक भागाची संभाव्यता ठरवताना करावा लागतो.

हे स्थानिक ज्ञान ठाकर, कातकरी, महादेव कोळी या समाजांतील वाटाड्यांकडे विपुल आहे. शोधाची आखणी करताना त्यांना केवळ वाट दाखवण्यासाठी पुढे चालवणे म्हणजे त्या ज्ञानाचा अपव्यय आहे. नकाशावर भाग पाडताना त्यांचे मत आधी घ्यावयास हवे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. त्यात समोच्चरेषांमधील अंतर साधारणतः २० मीटर असल्याने पंधरा मीटरचा जीवघेणा टप्पा नकाशावर उमटेलच असे नाही. तो गुराख्याला मात्र ठाऊक असतो.

शोधाची सुरुवात पायांनी होत नाही, प्रश्नांनी होते. व्यक्ती शेवटची कोठे व कधी दिसली, अंगावरील कपड्यांचा रंग, पादत्राणाच्या तळव्याची नक्षी, चालू असलेली औषधे, जवळचे पाणी, मोबाईलमधील उरलेला विद्युतभार, सोबत्यांशी झालेले वादविवाद असे सर्व तपशील एका छापील तक्त्यात भरून घेणे हे प्रशिक्षित पथकाचे पहिले काम. मोबाईल मनोऱ्यावरून मिळणारे स्थान उपयुक्त असले, तरी दरीतील दूरध्वनी कित्येकदा दूरच्या, समोरच्या डोंगरापलीकडील मनोऱ्याशी जोडला जातो, हे विसरून चालत नाही. त्याच वेळी खिंडी, वाटांचे फाटे, पायथ्याची गावे येथे माणसे बसवून क्षेत्राला वेढा घालावा लागतो. हे काम अनाकर्षक असल्याने कोणालाच नको असते. तथापि, हरवलेली व्यक्ती चालत असेल, तर वेढ्याविना शोधाचे क्षेत्र तासागणिक वाढत जाते.

दोरकाम आणि रुग्णवहन

दोरकामाविषयी गिर्यारोहण संस्थांकडे पुरेसे ज्ञान आहे. त्यामुळे येथे केवळ चढाई आणि बचाव यांतील फरक नोंदवणे पुरेसे आहे. चढाईत दोराला एका माणसाचे वजन पेलावयाचे असते. बचावात रुग्ण, सोबत उतरणारा बचावकर्ता, स्ट्रेचर व साहित्य मिळून भार २०० किलोग्रॅमच्या घरात जातो. म्हणूनच मुख्य दोर आणि सुरक्षा दोर असे दोन स्वतंत्र दोर, स्वतंत्र आधारांवर बांधले जातात. दोन आधारांमधील कोनाचे महत्त्व तर भौतिकशास्त्राच्या प्राथमिक पाठातच येते. कोन अगदी लहान असेल, तर प्रत्येक आधारावर निम्मा भार पडतो; ९० अंशांत तो सुमारे ७१ टक्के होतो; १२० अंशांत प्रत्येक आधारावर पूर्ण भार पडतो. म्हणजे दोन आधार घेऊनही लाभ शून्य. सह्याद्रीच्या काळ्या कातळात मेख भक्कम बसत असली, तरी दोन लाव्हाथरांमधील तांबूस, भुसभुशीत थरात ती विश्वासार्ह राहत नाही. भेगेत वाढलेले झाड दिसायला दणकट असते, परंतु त्याची मुळे किती खोल गेली आहेत, हे वरून कळत नाही.

जखमी व्यक्तीला वर ओढावे की खाली उतरवावे, हा निर्णय पुष्कळदा घाईने घेतला जातो. रस्ता वर असल्याने वर ओढण्याकडे कल होतो. कप्प्यांची तीनास एक रचना केल्यास भार एक मीटर उचलण्यासाठी तीन मीटर दोर ओढावा लागतो आणि घर्षणामुळे प्रत्यक्ष लाभ तिप्पट राहत नाही. उतरवताना गुरुत्वाकर्षण साहाय्यभूत ठरते. खालची वाट लांब असली, तरी अनेक प्रसंगी तीच सुरक्षित असते. सपाट वाटेवर स्ट्रेचरला एका वेळी सहा वाहक लागतात आणि थोड्या थोड्या अंतरावर ते बदलावे लागतात. कड्यालगतच्या अरुंद वाटेवर सहा जणांना शेजारी शेजारी चालता येत नाही. तेथे दुतर्फा बसलेल्या माणसांची साखळी करून स्ट्रेचर हातोहात पुढे सरकवतात. ही साखळी शिकवायला एक सकाळ पुरते. प्रसंग आल्यावर शिकवणे अशक्य असते.

रुग्णालयापासून काही तासांच्या अंतरावरील प्रथमोपचार शहरी प्रथमोपचारांहून भिन्न ठरतात. रुग्णवाहिका येईपर्यंत रक्तस्राव थांबवणे आणि सहा तास रुग्णाची देखभाल करणे यांत अंतर आहे. पावसाळ्यात सह्याद्रीत हिमालयासारखी थंडी नसते. परंतु ओले कपडे, वारा आणि हालचाल बंद झालेले शरीर एकत्र आल्यास शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. उन्हाळ्यात उष्माघात व निर्जलीकरण, कड्यांवर आग्या मोहोळाचा हल्ला, गवतात सर्पदंश असे ऋतुपरत्वे धोके बदलतात. सर्पदंशात जखम कापू नये वा घट्ट बंध आवळू नये, तर अवयव स्थिर ठेवून प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयाकडे विनाविलंब न्यावे, हे शिकवताना जुन्या समजुती मोडून काढाव्या लागतात.

पूर्वतयारी आणि सराव

सज्जता हा शब्द साहित्याच्या संदर्भात अधिक वापरला जातो. दोर, मेखा, दिवे, स्ट्रेचर ही सामग्री अर्थातच लागते. प्रत्येक दोराची खरेदीची तारीख, वापर, त्याला बसलेले हिसके यांची नोंदवही नसेल, तर तो दोर केव्हा निवृत्त करायचा हे कोणालाच सांगता येत नाही. नायलॉनचा दोर ओला झाल्यावर कमी ताकदीचा होतो आणि येथील बचावाचा हंगाम बहुतांशी पावसाळा असतो. परंतु याहून महत्त्वाचे आहे ते माणसांचे सज्ज असणे. आज, या क्षणी, पथकातील किती जण तासाभरात पायथ्याशी पोहोचू शकतील? त्यांपैकी किती जण पाठीवर भार घेऊन चढण चढू शकतील? इरशाळवाडीच्या चढणीवर घडलेला मृत्यू हा या दृष्टीने गांभीर्याने घेण्याचा विषय आहे. पथकाच्या प्रत्येक सदस्याची नियतकालिक शारीरिक चाचणी व्हावी आणि त्यात अनुत्तीर्ण झालेल्या ज्येष्ठ सदस्यास तळावरील नियोजन, संपर्क व नोंदी यांचे काम सन्मानाने देण्यात यावे. ज्येष्ठाला ‘तुम्ही वर येऊ नका’ असे सांगणे आपल्याकडे सोपे नसते. त्यासाठी नियम आधी लिहिलेला बरा.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘आपदा मित्र’ योजनेचा २०२१ पासून ३५० जिल्ह्यांत विस्तार करून एक लाख स्वयंसेवक प्रशिक्षित करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. या योजनेतून तयार होणारे मनुष्यबळ मोलाचे आहे. तथापि, तिचा भर पूर, दरडी, चक्रीवादळ व भूकंप यांवर असल्याने डोंगरातील एकट्या हरवलेल्या माणसाच्या शोधाचे प्रशिक्षण पथकांना स्वतःच घडवावे लागते.

त्यासाठीचा सराव कसा असावा? रविवारी सकाळी ठरलेल्या कड्यावर दोर लावणे हा सराव आवश्यक असला, तरी तो अपुरा आहे, कारण त्यात माणूस कोठे आहे हे सर्वांना आधीच माहीत असते. एखाद्या स्वयंसेवकाला रानात दडवून, पूर्वसूचना न देता, रात्री बोलावणे धाडून घेतलेला सराव पथकाचे खरे चित्र दाखवतो. त्यात किती वेळाने पहिला माणूस पोहोचला, माहितीचा तक्ता कोणी भरला, कोणत्या भागात कोण गेले याची नोंद राहिली का, हे तपासता येते. आढळसंभाव्यतेचा अंदाजही प्रयोगाने सुधारतो. विशिष्ट क्षेत्रात वीस रंगीत कापडी पिशव्या ठेवून शोधकांना किती सापडल्या हे मोजले, तर उन्हाळ्यातील पानगळीचे रान आणि श्रावणातील कारवी यांतील फरक आकड्यांत हाती येतो. बहुतेक शोधक आपल्याला सापडण्याची शक्यता वास्तवापेक्षा जास्त मानतात. पिशव्यांची मोजदाद तो भ्रम दूर करते.

आणखी एक कौशल्य शिकवावेच लागते, ते म्हणजे थांबण्याचे. प्रथम स्वतःची, मग सहकाऱ्यांची, मग बघ्यांची आणि त्यानंतर आपद्ग्रस्ताची सुरक्षा, हा क्रम ऐकणाऱ्यास कठोर वाटतो. भरल्या ओढ्याच्या काठावर, पलीकडून हाक ऐकू येत असताना, तो पाळणे फार जड जाते. म्हणून उतरण्याचा निर्णय प्रत्यक्ष दोरावर असलेल्याने घेऊ नये. तो तळावरील प्रमुखाने घ्यावा आणि कोणत्या परिस्थितीत माघार घ्यायची, हे आधी निश्चित केलेले असावे.

प्रशासन आणि कायदा

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. एकच घटनाप्रमुख, निश्चित आदेशसाखळी आणि लेखी नोंदी हा तिचा गाभा. स्वयंसेवी पथकाचा प्रमुख कितीही अनुभवी असला, तरी त्याने या साखळीत आपले स्थान आधी निश्चित करून घेतले पाहिजे. मृत्यू झाला असल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १९४ नुसार पोलिसांना चौकशी व पंचनामा करावा लागतो. त्यामुळे छायाचित्रे व नोंदी घेण्याआधी मृतदेह हलवणे अडचणीचे ठरू शकते.

स्वयंसेवकांच्या कायदेशीर संरक्षणाचा विषय मात्र दुर्लक्षित आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४-अ मदतकर्त्यास संरक्षण देते. परंतु ते मोटार अपघातापुरते आहे. आंबेनळीसारख्या प्रसंगात जखमीला मदत करणारा त्याच्या कक्षेत येईल, कड्यावरून पडलेल्या पदभ्रमणकर्त्याला मदत करणारा येणार नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ७३ मध्ये शासनाच्या वा प्राधिकरणाच्या वतीने सद्हेतूने काम करणाऱ्या व्यक्तीस संरक्षण आहे. या ‘वतीने’ शब्दामुळेच पोलीस ठाणे किंवा तहसील कार्यालयाने पथकाला पाचारण केल्याची नोंद असणे महत्त्वाचे ठरते. ओळखीतल्या कोणी दूरध्वनी केला म्हणून परस्पर निघालेले पथक या तरतुदीचा आधार घेऊ शकेल का, याविषयी शंका राहते. निघण्यापूर्वी पोलीस ठाण्यात वर्दी देऊन तिचा क्रमांक नोंदवहीत लिहून ठेवणे, एवढी सवय तरी प्रत्येक पथकाने लावून घ्यावयास हवी. याच नोंदवहीत मोहीम संपल्यावर कोणता सदस्य कोणत्या कामावर होता हेही लिहिले जावे. विशेषतः मृतदेह हाताळलेल्या तरुण सदस्यांची काही आठवड्यांनी आवर्जून चौकशी करण्यास त्याचा उपयोग होतो. त्यांची झोप उडालेली असते. पण ते आपणहून सांगत नाहीत.

महाविद्यालयांचा संबंध

राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्रसेना आणि गिर्यारोहण मंडळे यांच्या निमित्ताने महाविद्यालये दरवर्षी विद्यार्थ्यांना डोंगरात नेतात. स्वयंसेवी पथकांना लागणारी विद्याही महाविद्यालयांत विखुरलेल्या स्वरूपात उपलब्ध आहे. भूगोल विभागाला समोच्चरेषा वाचता येतात, संख्याशास्त्र विभागाला संभाव्यतेचे तक्ते करता येतात, मानसशास्त्र विभागाला आघातानंतरचे समुपदेशन ठाऊक असते. जवळच्या पथकाच्या जुन्या मोहिमांच्या नोंदी घेऊन, हरवलेली व्यक्ती शेवटच्या ज्ञात ठिकाणापासून किती अंतरावर, कोणत्या प्रकारच्या भूभागात सापडली, याचे व्यक्तींची नावे वगळून कोष्टक करणे हा एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याचा लघुप्रबंध सहज होऊ शकेल. सह्याद्रीपुरते क्षेत्रसंभाव्यतेचे आकडे अशाच कोष्टकांतून मिळतील.

याहून साधी एक गोष्ट कोणत्याही निधीवाचून करता येते. सहलीस निघण्यापूर्वी सहभागींची नावे, त्यांचे आजार व औषधे, जाण्याची व परतीची वाट, वाटेतील गावे, परतण्याची अपेक्षित वेळ आणि ती टळल्यास कोणाला केव्हा कळवायचे, एवढे एका पानावर लिहून ते पान मागे राहणाऱ्या प्राध्यापकाकडे द्यावे. शोधप्रमुखाच्या माहितीच्या तक्त्यातील जवळजवळ निम्मे रकाने या पानावरून भरता येतात, आणि तेही रात्री अकरा वाजता घाबरलेल्या पालकांना एकामागून एक दूरध्वनी न करता.